धड ट्यूबवरचं ठिगळ

मी सायकल बोलतेय. माझ्या मागच्या चाकाच्या ट्यूबवर एक ठिगळ आहे. गोल, काळं, कडा नीट दाबून बसवलेलं. ते जिथे आहे तिथे कधीच भोक नव्हतं.

एवढं सांगतानाही माझं हँडल खाली वळतं. सायकलला कसली आलीय लाज, असं तुम्ही म्हणाल. आम्हाला भिंतीला टेकवून ठेवलं की आमचं पुढचं चाक आपोआप वळतं आणि मान खाली घातल्यासारखं दिसतं. पूर्वी माझी ती नुसती सवय होती. हल्ली तसं वाटतंसुद्धा.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. नळ्या कापणारे वेगळे, सांधणारे वेगळे, रंगात बुडवून उलटं टांगणारे वेगळे. त्यामुळे अमुक एकाने मला घडवलं असं सांगता येत नाही. रंग निळा मिळाला. गियर मिळाले नाहीत. शेजारच्या रांगेत गियरवाल्या सायकली होत्या, त्यांच्या मागच्या चाकाला दात्यांच्या चकत्यांचा अख्खा डोंगर. मला एकच चकती. पण त्या चकतीच्या पोटात एक फ्रीव्हील आहे. पॅडल मारायचं थांबवलं आणि चाक फिरतच राहिलं, की त्यातून टिक टिक टिक असा आवाज येतो. बाकीचं सगळं अंग कामाचं, हा एक आवाज तेवढा चैनीचा, असं मी समजत होते.

माझा पहिला मालक एक बँकेतला कारकून. पोट कमी करायचं म्हणून त्याने मला घेतलं आणि गॅलरीत उभं केलं. त्याचं पोट तसंच राहिलं. माझ्या हँडलवर टॉवेल वाळत राहिले. सायकल म्हणून जन्माला यायचं आणि दांडी म्हणून जगायचं! लोक वस्तू विकत घेतात तेव्हा बऱ्याचदा वस्तू घेतच नाहीत, स्वतःबद्दलचा एक चांगला विचार घेतात, आणि मग त्या विचारावर टॉवेल घालतात.

तिथून मला सोडवलं ते तडतडीने.

तडतडी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती बोलायला लागली तेव्हा तिच्या आजोबांनी ठेवलं आणि ते तिला इतकं फिट बसलं की खरं नाव फक्त ओळखपत्रावर उरलं. ती कॉलेजात होती. कारकुनाच्या गॅलरीखालून जाताना तिने मला पाहिलं, तरातरा जिना चढून वर आली आणि म्हणाली, "काका, ही तुम्ही चालवत नाही. मला द्या." कारकून गडबडला. "अगं, पुढच्या महिन्यापासून सुरू करणारच होतो." ती म्हणाली, "टॉवेल किती जुना झालाय बघा." बिचाऱ्याने कुलूप काढून दिलं.

त्यानंतरचे दिवस माझे खरे दिवस. कॉलेज संपलं, ती एका डेंटल लॅबमध्ये लागली. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवतात, त्यावरून ही कवळ्या बनवते. संध्याकाळी तिच्या बोटांवरचं पांढरं प्लास्टर माझ्या मुठींना लागायचं. तिचे बाबा म्हणायचे, "आमची लेक दिवसभर लोकांचे दात बसवते आणि घरी येऊन आमच्यावर दात-ओठ खाते." बाबा पाणी खात्यातून निवृत्त झालेले. जमिनीखालच्या नळातली गळती कान लावून शोधणं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. आई इस्पितळात परिचारिका. वॉर्डात तिच्या एका नजरेवर नातेवाइकांची गर्दी पांगते म्हणे, पण घरात ती कमी बोलते. फार कमी. हे तिचं कमी बोलणं मला तेव्हा चांगलं वाटायचं.

आम्ही कालव्याकाठी भाड्याच्या घरात राहत होतो. रस्ता सपाट, एका बाजूला पाणी. त्याच रस्त्यावर थोडं पुढे इस्पितळ, आणि अगदी टोकाला लॅब. आई पायी जायची. आम्ही तिला मागून गाठायचो, तडतडी घंटी वाजवायची, आई न वळता हात हलवायची. रोज.

मग घरमालकाचा मुलगा परत आला आणि घर सोडायची वेळ आली. "आता पुन्हा भाड्याचं नको," बाबा म्हणाले. "आता स्वतःचं."

त्या दिवसापासून घरात वाद सुरू झाले, आणि त्या वादाच्या मध्यभागी मी.

मोठे काका आले होते. ते बाबांचे थोरले भाऊ. न विचारता सल्ला देणं हा त्यांचा जोडधंदा. म्हणाले, "दोघं राहणार तुम्ही. घर कसं शांत, निवांत बघा. हिच्या कामाचं काय, ही उद्या लग्न करून जाईल."

तडतडी पाणी पीत होती. तिने पेला खाली ठेवला तो आवाज मला जिन्यापर्यंत आला.

"काका, मी कुठे जाणार आहे ते तुम्हाला कुणी सांगितलं? घराच्या हप्त्यात माझा पगार चालतो आणि घर निवडताना मी पाहुणी?"

"अगं पोरी, मी तसं..."

"तुम्ही तसंच म्हणालात. दर वेळी तसंच म्हणता. ऐका, घर म्हणजे नुसत्या भिंती नसतात. घरापासून कामापर्यंतचा रस्ताही घरातच धरायचा असतो. ज्या घरातून मला सायकलने जाता येणार नाही, ते घर मला नको."

"सायकलसाठी घर घ्यायचं?" काका हसले. "आम्ही तर घरासाठी सायकली विकल्या."

तरी मला तिचं वाक्य फार आवडलं. रस्ताही घरातच धरायचा! इतका मान मला कुणी दिला नव्हता. मी जिन्याखाली ताठ उभी राहिले. आता आठवलं की तो ताठपणाच आधी आठवतो.

घरं दाखवायला एक एजंट यायचा. त्याचं नाव आम्ही पाच-मिनिटं ठेवलं होतं. बाजार पाच मिनिटं, बसथांबा पाच मिनिटं, शाळा पाच मिनिटं. तडतडीने एकदा विचारलं, "आणि तुम्ही खरं कधी बोलता?" तो हसून म्हणाला, "पाच मिनिटांत."

त्याच्या व्हॅनच्या मागे मला दोरीने बांधायचं, सगळ्यांनी घर बघायला जायचं, आणि घर बघून झालं की तडतडीने मला सोडवून तिथून थेट लॅबपर्यंत चालवायचं. सकाळी, कामावर जाते त्याच वेळेला. ही तिची पद्धत. नकाशावरच्या रेघेवर तिचा विश्वास नव्हता. "नकाशात खड्डे नसतात," ती म्हणायची. खरंच होतं ते. एजंट मला दोरी बांधताना इकडेतिकडे बघायचा. आई हळूच म्हणायची, "घर बघायला सायकल घेऊन कुणी जातं का गं? लोक बघतात." तडतडी म्हणायची, "बघू देत. त्यांनी पण न्यावी."

पहिलं घर हमरस्त्यापलीकडे होतं. तिथल्या चौकात एका ट्रकने आम्हाला असं काही दाबलं की माझं पॅडल दगडाला घासलं. ते घर तिथेच संपलं.

दुसरं घर इस्पितळाच्या मागच्या गल्लीत. छोटंसं, तळमजल्यावर. बाबांनी नेहमीप्रमाणे आधी सगळे नळ उघडले, धारेखाली बोट धरलं आणि मान डोलावली. आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. मला व्हॅनमागून ती दिसत होती. तिने खिडकीचा गज धरला आणि बाहेर बघत राहिली. समोर इस्पितळाचं मागचं फाटक.

"अहो," ती म्हणाली, "इथून तर मी चप्पल घातली की पोचलेच."

एवढंच बोलली. पण गज सोडला नाही.

ती गल्ली कालव्याकडे निघत नाही, म्हणून तिथून लॅबकडे जायचा रस्ता बाजारातून. हातगाड्या, माल उतरवणारे टेम्पो, भाजीच्या पाट्या, मध्येच उभं राहून गप्पा मारणारी माणसं. तडतडीला सारखं उतरावं लागलं. कुणाची पिशवी माझ्या हँडलला अडकली, कुणी तिलाच झापलं. ती लॅबमध्ये पोचली तेव्हा तिच्या कपाळावरची शीर दिसत होती. त्या दिवशी घरी आल्यावर म्हणाली, "रोज असं? मी वेडी होईन. ते घर बाद."

आई भाजी चिरत होती. सुरी क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली. "बरं," ती म्हणाली.

तिसरं घर उंचावर, नव्या वसाहतीत. एजंटने व्हॅन मागच्या वळणावळणाच्या रस्त्याने नेली. घर छान होतं, उजेड भरपूर, गॅलरीतून लांबपर्यंत दिसायचं. आणि घरासमोरून खाली जाणारा रस्ता! नवा, रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, कडेला सायकलींसाठी वेगळी पट्टी आखलेली. डोळ्यांना तो अगदी सपाट दिसतो. उतार आहे, पण इतका हलका आणि इतका लांब की पोटातलं पाणी हलत नाही.

तडतडीने मला त्यावर सोडलं.

काय सांगू! तिने पॅडल मारायचं थांबवलं आणि तरी आम्ही जातच राहिलो. वारा मागून. माझ्या फ्रीव्हीलने टिक टिक टिक सुरू केलं ते थांबेचना. पार खालच्या कालव्यापर्यंत मी गात गेले. लॅबच्या दारात ती उतरली आणि मैत्रिणीला फोनवर म्हणाली, "मिळालं घर. अगं, सायकल अक्षरशः गात होती."

मी गात होते, हे खरं आहे. पण सायकल कधी गाते? तिच्यावरच्या माणसाला काही करावं लागत नाही तेव्हा. हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक असायला हवं होतं. आणि लॅबमधून संध्याकाळी आम्ही परतलो ते कुठे? कालव्याकाठच्या जुन्या घरी, सपाट रस्त्याने. प्रत्येक घराची परीक्षा आम्ही अशीच घेतली. जायचा रस्ता बघितला, यायचा एकदाही नाही.

आईने विचारलं होतं. "जाताना छान आहे म्हणतेस. आणि येताना?"

तडतडी बूट काढत होती. वरही न बघता म्हणाली, "आई, जाताना आणि येताना रस्ता तोच असतो!"

बाबा हसले. आईही हसली. मीही, जितकं सायकलला हसता येतं तितकं.  "हिचा रस्ता बरा आहे ना, मग हेच घेऊ," असं आई म्हणाली आणि घर ठरलं.

नव्या घरातला पहिला कामाचा दिवस. सकाळी आम्ही गात खाली गेलो. संध्याकाळी परत फिरलो.

तो चढ दिसत नाही म्हणूनच वाईट आहे. मोठा चढ असला की माणूस आधीच उतरतो, स्वतःला हसतो, ढकलत नेतो. इथे डोळे म्हणतात सपाट आणि मांड्या म्हणतात डोंगर. त्यात संध्याकाळी वारा वरून खाली येतो, थेट छातीवर. माझी चकती एकच. तडतडी उभी राहून पॅडल मारायला लागली. माझी चेन करकरली. अर्ध्या वाटेत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, आणि ती उतरली.

मला ढकलायला लागली. आणि तेव्हा मला माझ्याबद्दलची ती गोष्ट कळली. सायकल ढकलत नेली तरी फ्रीव्हील वाजतं. तोच आवाज. टिक टिक टिक. सकाळी जो ऐकून ती हसली होती, तोच आता शांत रस्त्यावर सगळ्यांना सांगत होता, बघा, ही उतरली. बाकावर बसलेली माणसं वळून बघायची. तिचे कान लाल व्हायचे. मला वाटायचं, हा आवाज गिळून टाकावा.

घराआधी शेवटचं एक वळण आहे. त्याच्या अलीकडे ती थांबली. घाम पुसला, केस नीट केले, माझ्यावर बसली आणि दात आवळून तेवढा तुकडा चालवत घरासमोर आली. गॅलरीत बाबा उभे होते.

"कसा आहे रस्ता?"

"मस्त!"

असं रोज चाललं. वळणापर्यंत ढकलायचं, वळणानंतर बसायचं. लबाडी तिची होती, पण अंग माझं वापरलं जात होतं. मी तिच्या बाजूने होते, अजून आहे. तिला म्हाताऱ्या माणसांच्या गोलगोल बोलण्याचा राग येतो, तो मला पटतो. पण इतकं तोंड वर करून जिंकलेला वाद असा पायांखालून सरकला की सरळ बोलणारं माणूसही गोलगोल बोलायला लागतं, हे मी जवळून पाहिलं.

मग तिने मला लॅबच्या शेडमध्येच ठेवायला सुरुवात केली. घरी बसने जायची.

"सायकल कुठे?" बाबा विचारायचे.

"पंक्चर."

काही दिवसांनी पुन्हा, "सायकल?"

"पंक्चर."

"अगं, रस्ता आहे की खिळ्यांचं दुकान?"

माझी दोन्ही चाकं टणक होती. शेडमध्ये बाकीच्या सायकली यायच्या जायच्या, मी भिंतीकडे तोंड करून उभी. धडधाकट असताना आजारी म्हणून रजा काढलेल्या माणसासारखी.

आणि आई. तिचं मी शेवटी सांगतेय, कारण आमच्या घरात तिचं नेहमी शेवटीच निघायचं. नव्या घरापासून तिला सकाळी लवकर निघून दोन बस कराव्या लागायच्या. वरून एक बाजाराच्या चौकापर्यंत, तिथून दुसरी इस्पितळापर्यंत. दुसरी बस तिची शिफ्ट सुरू झाल्यावर यायची किंवा यायचीच नाही. संध्याकाळी पुन्हा तेच, उभ्याने. मी घरी असले की जिन्याखालून तिचे पाय दिसायचे. आल्यावर ती पहिल्या पायरीवर बसायची, बूट काढायची, घोटे दाबायची, आणि मग आवाज न करता वर जायची. मोज्यांच्या कडा कातडीत रुतलेल्या. कालव्याकाठी आमच्या पुढे झपाझप चालणारे ते पाय मला आठवायचे. त्यांचा रस्ता आम्ही कधी चालवून बघितला नव्हता. कुणी तो घरात धरलाच नव्हता.

एका सुट्टीच्या दिवशी गंमत झाली. गंमत कसली, माझी शोभा झाली. आदल्या संध्याकाळी तडतडीने मला एका टेम्पोत टाकून वर आणलं होतं, कारण बाबांनी म्हटलं होतं, "आण एकदा ती सायकल घरी. गळती शोधायला मी बसलोय ना इथे!" आणून तिने माझी हवा मुद्दाम सोडून ठेवली आणि दुपारपर्यंत खोलीबाहेर आली नाही.

बाबांनी मला जिन्यासमोर उलटी केली. पाय वर, सीट जमिनीला. शेजारच्या आजी खुर्ची घेऊन बघायला बसल्या. बाबांनी टायर काढला, ट्यूब ओढून बाहेर घेतली, हवा भरली आणि पाण्याच्या टबात बुडवली. हळूहळू पूर्ण फिरवली. बुडबुडा नाही. पुन्हा फिरवली. एकही नाही. मग त्यांनी ती ट्यूब कानाशी धरली. आयुष्यभर जमिनीला लावलेला कान. माझ्या आत काही गळत नव्हतं आणि ते त्यांना ऐकू येत होतं.

त्यांनी मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. तडतडी दारात उभी होती.

आता ते काही बोलतील, असं मला वाटलं.  त्यांनी काचकागद घेतला, ट्यूबवर एक जागा घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर मारली, आणि धड ट्यूबवर एक ठिगळ चिकटवलं. अंगठ्याने कडा दाबल्या.

"मिळालं का भोक?" आजींनी विचारलं.

"मिळालं," बाबा म्हणाले. "बारीक होतं."

तडतडी जिना उतरून खाली आली. पायात चप्पलसुद्धा नव्हती.

"का लावलंत?"

"काय?"

"ठिगळ! तिथे भोक नाही बाबा!"

"तू म्हणालीस ना पंक्चर."

"मी खोटं बोलले! तुम्हाला कळलं, तरी ठिगळ लावलंत. मला रागवा ना! चारचौघांत रागवा! हे असं झाकून काय ठेवता?"

नेमकी त्याच वेळी आई फाटकातून आत आली. तिची सकाळची शिफ्ट संपली होती. हातात बूट, पायात नुसते मोजे. रस्त्यावरच काढले होते वाटतं. तडतडीचं लक्ष त्या मोज्यांकडे गेलं आणि तिचा आवाज मध्येच तुटला.

"आई, मला हा चढ चढता येत नाही," ती म्हणाली. "एकदाही आला नाही. मी वळणापर्यंत ढकलत आणते. तू विचारलं होतंस, येताना काय. मी तुला गप्प केलं."

आई पहिल्या पायरीवर बसली. "मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"बसमधून दिसतं की. खिडकीत बसायला मिळालं त्या दिवशी दिसलीस. मान खाली घालून ढकलत होतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू वळणानंतर बसायचीस ना सायकलवर. म्हटलं, तिला दाखवायचं नाहीये, तर आपण कशाला बघा."

"हेच! हेच तुमचं!" तडतडीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ती भांडत होती. "ते मागच्या गल्लीतलं घर तुला हवं होतं. तू खिडकीचा गज धरून उभी होतीस. मी बाद म्हटलं आणि तू म्हणालीस बरं! एकदा तरी म्हणायचं होतंस की मला हवंय!"

"म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

तडतडीने बाहीने डोळे पुसले.  

"नाही," ती शेवटी म्हणाली. "भांडले असते. पण तू पण भांडायचं होतंस ना. वॉर्डात भांडतेस, तशी."

आई घोटा दाबत होती. तिचा हात थांबला. "हो," ती म्हणाली. "ते माझं चुकलं. मला वाटलं, पोरीचं चालू दे. आता सकाळी ती दुसरी बस निघून जाते ना समोरून, तेव्हा राग येतो मला तुझा. खोटं कशाला बोलू."

शेजारच्या आजींनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "अगं आवाज खाली," बाबा पुटपुटले.

"ऐकू देत," आई म्हणाली. तडतडीने तिच्याकडे चमकून पाहिलं. हे वाक्य त्या घरात आजवर एकाच माणसाचं होतं.

मी उलटी पडले होते, चाकं आभाळाकडे. घर आता परत देता येणार नव्हतं. रस्ता सपाट होणार नव्हता. कुणी कुणाला जवळबिवळ घेतलं नाही, या घरात ती पद्धत नाही. बाबांनी टायर परत चढवला, हवा भरली आणि मला सरळ केलं. 

मग तडतडी म्हणाली, "आई, तुला सायकल येते?"

"यायची. शिकत होते तेव्हा. आता या वयात, गणवेशात? लोक काय..."

"पाना द्या बाबा."

सीट खाली घेतली तेव्हा बाबांनी बोल्ट इतका आवळला की मला कळ आली. तडतडीची उंची माझ्या अंगावरून गेली आणि आईची बसली. मी तडतडीची सायकल होते, ती तिथे संपले. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण सांगायला तोंड कुठे होतं. जिच्या सुखासाठी एका माणसाचे पाय सुजले, ती मीच ना.

पहिल्या दिवशी आई मला फाटकापर्यंत धरून घेऊन गेली आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून बसली. चार फूट गेल्यावर उतरली. पुन्हा बसली. तडतडी कॅरियर धरून मागे धावत होती आणि ओरडत होती, "समोर बघ! खाली काय बघतेस!" शिकवताना सुद्धा भांडल्यासारखीच. मग उतार लागला, हात सुटला, आणि आई एकटीच खाली गेली. मी वाजायला लागले. आईला तो आवाज अनोळखी. "काहीतरी मोडलंय का गं?" असं ती कुणीच जवळ नसताना मोठ्याने म्हणाली.

आता असं चालतं. सकाळी आई मला घेऊन उतारावरून थेट इस्पितळात जाते. दोन्ही बस वाचल्या. तडतडी मागून बसने लॅबला. संध्याकाळी ती इस्पितळाच्या दाराशी येते, कालव्याकाठच्या सपाट रस्त्याने आई मला हळू चालवते, ही शेजारून भराभर चालते, आणि चढाच्या पायथ्याशी आई वरच्या बसमध्ये बसते. उरलेला चढ माझा आणि तडतडीचा. आई खिडकीतून आमच्याकडे बघते आणि हात हलवते. आता वळून हलवते.

त्या गल्लीतलं घर मात्र कुणीतरी घेतलं. आई मला इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी लावते आणि संध्याकाळी घ्यायला आली की तिची नजर त्या खिडकीकडे जाते. तिथे आता कुणाचे तरी कपडे वाळत असतात. त्या वेळी आईचे हात माझ्या मुठींवर घट्ट होतात आणि मला कळतं, यावर ठिगळ बसत नाही.

तुम्हीही कधी घर बघायला जाल. मला जरूर न्या, दोरीने बांधून न्या, लोक हसले तरी न्या. पण संध्याकाळी थकल्यावर मला पुन्हा त्याच दाराशी चालवत आणून बघा. आणि घरात जो माणूस पटकन "बरं" म्हणतो, त्याला आधी विचारा, तुझा रस्ता कुठून जातो? त्याने सांगितलं नाही, तर भांडा त्याच्याशी. मी गाते म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी ढकलतानाही गाते.

परवा संध्याकाळी आम्ही त्या शेवटच्या वळणाशी आलो. तडतडी सवयीने थांबली. कपाळावरचा घाम पुसला. तिचा एक पाय पॅडलकडे गेला. समोर घरं, गॅलऱ्यांत माणसं, आमच्या गॅलरीत बाबा. शेजारच्या आजी खुर्चीसकट.

तिने पाय खाली घेतला आणि मला ढकलत पुढे निघाली. टिक टिक टिक. सगळ्या गॅलऱ्यांखालून.

"काय गं," बाबांनी वरून विचारलं, "पंक्चर?"

तिची मान अर्धी खाली गेली, माझीही. मग तिने ती वर केली.

"नाही बाबा," ती म्हणाली. "चढ आहे."